सोलापूरच्या इतिहासातल्या बायकांची नावं कुठं शोधायची?

शाळेतली_मॅडम (प्रश्न)

नमस्कार. मी सोलापुरातल्या एका शाळेत आठवी-नववीला इतिहास शिकवते, पंधरा वर्षं झाली. आमच्याकडं दरवर्षी ३ जानेवारीला आणि मग ८ मार्चला थोर स्त्रियांचे तक्ते लावतात. तक्ते तेच असतात, स्टाफरूमच्या कपाटात जपून ठेवलेले, जिजाऊ, अहिल्यादेवी, सावित्रीबाई, आनंदीबाई जोशी, कल्पना चावला. या सगळ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे, सावित्रीबाई नसत्या तर मी आज फळ्यासमोर उभी नसते हे मला पक्कं माहितीय.

पण यंदा गड्ड्याची यात्रा (ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची जानेवारीतली यात्रा) उरकली आणि ८ मार्चचं काय करायचं यावर वर्गात बोलत होतो तर नववीतली एक मुलगी उठून म्हणाली, मॅडम यात आपल्या सोलापूरची कोण आहे? मी म्हणलं अहिल्यादेवी, आपल्या विद्यापीठाला त्यांचंच नाव आहे की. तर म्हणाली पण त्यांचं गाव चोंडी, ते तर नगर जिल्ह्यात. बरोबर होतं तिचं. मग म्हणाली, चार हुतात्मा चौकातले चौघेही पुरुष, मग तेव्हा बायका काय करत होत्या?

मला उत्तर देता आलं नाही. १९३०चा मार्शल लॉ, म्हणजे इंग्रजांनी सोलापुरात लावलेली लष्करी राजवट, मी दरवर्षी शिकवते, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, १२ जानेवारी १९३१, येरवड्याला फाशी, सगळं तोंडपाठ आहे. शहर बंद होतं, गिरण्या बंद होत्या, घरातल्या घरात कोण चूल पेटवत होतं, कोण निरोप पोचवत होतं, हे मी कधी स्वतःला विचारलंच नाही. आणि त्या रात्री झोपताना डोक्यात आलं, आत्ता आठ दिवसांपूर्वी आपण सगळे संमती कट्ट्यावर अक्षता टाकून आलो, सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचं म्हणणारी ती मुलगी, तिचं योगदंडाशी लग्न लागतं, त्यासाठी अख्खं मैदान भरतं, शेकडो वर्षं चाललंय, आणि आपण सगळे तिला कुंभारकन्या म्हणतो. बास. वडिलांचा धंदा हीच तिची ओळख.

तर माझी विनंती अशी की सोलापूर शहर किंवा जिल्ह्यातल्या अशा बायका सांगा ज्यांनी काहीतरी केलंय पण आपल्याला माहिती नाहीत, किंवा माहिती आहेत पण भलत्याच कारणासाठी. आणि माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलींच्या आज्या विड्या वळायच्या, त्यांना हा इतिहास आपला वाटावा असं काही सुचत असेल तर तेही सांगा.

मंगळवेढा_ज्वारी

मॅडम, तुम्ही लांब कशाला जाता, मंगळवेढ्याला या. आमच्या एका गावातून दोन मोठ्या कवयित्री झाल्या, सोयराबाई आणि कान्होपात्रा. मी रिटायर माणूस आहे, तीस वर्षं वारी केली, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढं जा.

"अवघा रंग एक झाला" हा अभंग किशोरीताईंच्या आवाजात ऐकला नाही असा माणूस महाराष्ट्रात सापडणार नाही. दिंडीत मी किती जणांना विचारलंय, हा कुणाचा? कोणी म्हणतं तुकोबांचा, कोणी म्हणतं नामदेवांचा, फार तर कोणी म्हणतं चोखोबांचा. तो सोयराबाईचा आहे. चोखोबांची बायको, चौदाव्या शतकातली, मेलेली ढोरं ओढणाऱ्या घरातली बाई. देवळाच्या आत जायची परवानगी नाही, आणि देव आणि मी वेगळे राहिलोच नाही असं म्हणतीये.

आता तुमचा नावाचा मुद्दा. अभंगाच्या शेवटी तुकोबा "तुका म्हणे" म्हणतात, नामदेव "नामा म्हणे" म्हणतात, जनाबाई सुद्धा "जनी म्हणे" म्हणते (तिथंही पुष्कळदा "नामयाची जनी" किंवा "दासी जनी" असतं ते सोडा). सोयराबाई काय म्हणते? "म्हणे चोखियाची महारी." स्वतःचं नाव नाही. नवऱ्याचं नाव आणि जात, एवढीच सही. तिला त्यात कमीपणा वाटत होता की अभिमान, हे मी कोण सांगणार, मला तर त्या सहीत ताठपणा दिसतो, तुम्ही जी जात हिणवून सांगता तीच मी देवासमोर माझी म्हणून सांगते असा. पण झालं असं की सहीत नवऱ्याचं नाव असल्यानं ऐकणाऱ्यानं तो अभंग नवऱ्याच्या खात्यावर जमा केला.

आणि विटाळाबद्दल तिनं जो सवाल केलाय तो मुलींना जरूर शिकवा. विटाळ देहातच जन्मतो, विटाळाशिवाय देहच तयार होत नाही, मग सोवळा झाला तो कोणत्या धर्मानं, असा तिचा सरळ सवाल आहे. सातशे वर्षांपूर्वी, बाळंतपण झालेल्या बाईनं केलेला. यावर मी आजवर एकाही कीर्तनात नीट निरूपण ऐकलेलं नाही, सगळे हळूच पुढच्या चरणावर जातात.

कान्होपात्राचं पण तसंच. लोकांना तिचं रूप माहिती असतं, गणिकेची मुलगी, बिदरच्या बादशहानं बोलावणं पाठवलं, तिनं विठ्ठलाच्या पायाशी प्राण सोडला, देवळातलं तरटीचं झाड दाखवतात. पण तिला गुरू नव्हता, मागं घराणं नव्हतं, नवरा नव्हता, ज्याच्या नावावर तिला जमा करता येईल असा कोणीच पुरुष तिच्याकडं नव्हता, आणि तरी तिचे अभंग टिकले. ते कुणीतरी पाठ केले, कुणीतरी उतरवून ठेवले म्हणून टिकले ना. ते कोण असेल याचा मी नेहमी विचार करतो.

शाळेतली_मॅडम

काका, "चोखियाची महारी" वाचून मी पाच मिनिटं नुसती बसून राहिले. हा अभंग मी स्वतः शाळेत स्नेहसंमेलनात बसवलाय, दोनदा. आणि खाली पडद्यावर "संत चोखामेळा" असं लिहिलं होतं, मीच लिहून दिलं होतं.

बसवेश्वर_रोड

याला जोडूनच, सिद्धरामेश्वरांच्या काळातल्याच अक्कमहादेवी. बाराव्या शतकात कर्नाटकातल्या कल्याणच्या (बसवकल्याण) अनुभव मंटपात, म्हणजे बसवेश्वरांच्या चर्चासभेत, ज्या शरणी (संत स्त्रिया) बसायच्या, बोलायच्या, वाद घालायच्या त्यातल्या सगळ्यात मोठ्या. आपल्या सिद्धरामांचाही त्या मंडळींशी संबंध आला होता. सोयराबाईच्या सहीवरून आठवलं, अक्कांच्या वचनाखाली "चेन्नमल्लिकार्जुन" असं येतं, म्हणजे देवाचं नाव, नवऱ्याचं नाही, कारण लग्न करू बघणाऱ्या राजाला नवरा मानायलाच त्या तयार नव्हत्या, माझा नवरा एकच आणि तो चेन्नमल्लिकार्जुन असं त्यांनी उघड सांगितलं. आमच्या घरी कन्नडच बोलतात, आज्जीला वचनं पाठ होती, लिहिता वाचता येत नव्हतं तिला. मला वाटतं काकांच्या प्रश्नाचं थोडं उत्तर यात आहे, पाठ कुणी ठेवलं तर अशा आज्ज्यांनी.

पूर्वभागातली

मॅडम मी पहिल्यांदाच लिहितेय इथं, शुद्धलेखन माफ करा. तुम्ही विड्यांचं म्हणलं म्हणून राहवलं नाही. माझी अव्वा (आम्ही तेलुगू, पद्मशाली, आजीला अव्वा म्हणतो) पंचेचाळीस वर्षं विड्या वळली. आम्मा पण वळली. मी शिकले ते त्या विड्यांवर.

तुमच्या मुलींना सांगा की हे काम किती कसबाचं असतं. पान आधी रात्री भिजवून फडक्यात गुंडाळून ठेवायचं, सकाळी मऊ झालं की पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं एकसारखं कापायचं, शिरा लागल्या तर विडी फाटते, मग सुपात तंबाखू घेऊन चिमटीनं बरोबर तेवढीच भरायची, जास्त झाली तर ओढली जात नाही, कमी झाली तर विझते, वळायची, टोकं दाबायची, दोरा बांधायचा. अशा दिवसाला हजार. हजार म्हणजे किती हे कधी मोजून बघा, सकाळी पोरांना शाळेत पाठवून बसलेली बाई संध्याकाळ झाली तरी उठत नाही. आणि कारखान्यात नेऊन दिल्या की त्यातल्या काही खराब म्हणून काढून टाकणार, त्यांचे पैसे नाही. अव्वा म्हणायची माझ्या बोटांना डोळे आहेत, ती गप्पा मारत, भात शिजला का बघत वळायची, हाताकडं बघायचीच नाही.

पण लोक काय म्हणायचे माहितीय का? "घरी बसून विड्या वळते." घरी बसून!! माझे आजोबा यंत्रमागावर होते ते "कामाला जायचे" आणि अव्वा "घरी असायची". महिन्याचं भाडं, किराणा, तिघा आत्यांची लग्नं, सगळं विडीच्या पैशावर, आजोबांच्या पगारातलं निम्मं बाहेरच उडायचं हे आता बोलायला हरकत नाही. शाळेच्या फॉर्मवर आम्माच्या नावापुढं "गृहिणी" लिहायचे, मी स्वतः लिहिलंय माझ्या हातानं.

आणि एक गोष्ट. अव्वाकडं सुरुवातीची कित्येक वर्षं कार्ड नव्हतं. ती ज्या कारखान्याच्या विड्या वळायची तिथं दुसऱ्याच एका बाईच्या कार्डावर तिचा माल घ्यायचे. म्हणजे काम अव्वाचं आणि नोंद दुसरीची. म्हातारपणी फंडाचा हिशोब करायची वेळ आली तेव्हा तिची पहिली दहा-बारा वर्षं कागदावर नव्हतीच. ती रडली नाही, नुसतं म्हणाली तेवढ्या विड्या मग वळल्या कुणी?

कायदा होता. १९६६ला विडी आणि सिगार कामगारांचा कायदा झाला, त्यात घरी बसून वळणाऱ्या बाईलाही कामगार धरलं होतं. मालकांनी त्याला कोर्टात आव्हान दिलं, १९७४ला सुप्रीम कोर्टानं कायदा बरोबर ठरवला. पण कायद्यात धरलं म्हणून रजिस्टरात धरतात असं नाही, त्यासाठी बायका मोर्चे काढत राहिल्या, पोरं कडेवर घेऊन, उन्हात, पूनम गेटला. त्या मोर्च्यांचे फोटो बघा, पुढं हजार बायका आणि बातमीत नाव फक्त भाषण करणाऱ्या पुढाऱ्यांचं. पुढारी चांगलेच होते, त्यांच्याबद्दल वाईट बोलणार नाही मी, त्यांनी आयुष्य घातलं यात. पण पहिल्या रांगेतल्या बायकांची नावं कुणी विचारली नाहीत एवढं खरं.

कुंभारीला दहा हजार घरं झाली विडी कामगार बायकांची, २००६ला पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः आले होते द्यायला. त्या वसाहतीला गोदूताई परुळेकरांचं नाव आहे. रिक्षावाल्याला सांगताना आपण "गोदूताई" म्हणतो, पण गोदूताई कोण हे त्या वसाहतीत वाढलेल्या पोरांना विचारा, नाही सांगता येणार. वकिलीचं शिक्षण घेतलेली पुण्याच्या गोखल्यांची मुलगी, १९४५ला डहाणू-तलासरीकडं वारल्यांची वेठबिगारी मोडायला पायी पाड्यापाड्यावर फिरली. तिथून सुरू करा मॅडम, मुलींना रोज दिसणारी पाटी आहे ती.

साधं_मत

मुद्दा कुणाला लागेल म्हणून आधीच सांगतो, मी बायकांच्या विरोधात नाही, घरी दोन मुली आहेत आणि दोघींना शिकवतोय. पण मला असं वाटतं की आपण उलट्या दिशेनं चाललोय. इतिहासात नोंद होते ती लढाया, राज्य, शोध, कायदे यांची, आणि त्या काळात ही कामं पुरुषांकडं होती म्हणून पुरुषांची नावं आली, यात कुणी मुद्दाम दडवलं असं कशाला म्हणायचं? विडी वळणं हे कष्ट आहेत, आदर आहेच, पण कष्ट म्हणजे कर्तृत्व नाही ना, नाहीतर हमाली करणाऱ्या प्रत्येक पुरुषाचंही नाव इतिहासात घालावं लागेल. मुलींना दाखवायचंच असेल तर ज्यांनी खरंच काही शोध लावला, पद मिळवलं त्यांचं दाखवा. आजीच्या विड्या दाखवून मुलगी पुढं जाईल का?

प्रयोगशाळा_पुणे

दादा, तुमच्या मुद्द्याला मुद्द्यानंच उत्तर देते. मी मूळची सोलापूरची, जुळे सोलापुरात माहेर, आता पुण्यात प्रयोगशाळेत काम करते.

तुम्ही म्हणता शोध लावला तर नाव येतं. कमला भागवत हे नाव ऐकलंय? मुंबई विद्यापीठात बीएस्सीला पहिली आली, १९३३ला बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला, संचालक होते सर सी. व्ही. रामन, त्यांनी मुलगी आहे म्हणून नाकारलं. ही थेट जाऊन भेटली, हटलीच नाही, शेवटी वर्षभर बघू, काम पसंत पडलं तरच प्रवेश पक्का, अशा अटीवर घेतलं. पहिल्या नंबरानं आलेल्या मुलीला. तिनं काम दाखवलं, आणि त्यानंतर तिथं मुलींना प्रवेश मिळायला लागला. मग केंब्रिजला जाऊन १९३९ला पीएचडी, विज्ञानात पीएचडी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक, वनस्पतींच्या पेशीत सायटोक्रोम सी (पेशींच्या श्वसनात लागणारं एक प्रथिन) असतं हे तिनं दाखवलं. पुढं १९४७ला लग्न झालं आणि ती कमला सोहोनी झाली, नीरेच्या पोषणमूल्यावर मोठं काम केलं. रामन आपल्या शाळेतल्या प्रत्येक पोराला माहिती आहेत, २८ फेब्रुवारीला आपण त्यांच्यासाठी विज्ञान दिन करतो. कमलाबाई किती जणांना माहिती आहेत? मला एमएस्सी होईपर्यंत माहिती नव्हत्या, आणि माझा विषय जीवरसायन आहे, म्हणजे त्यांचाच.

आणि नावाचा घोळ बघा. लग्नाआधीचं काम भागवत नावानं, लग्नानंतरचं सोहोनी नावानं, माहिती नसणाऱ्याला त्या दोन वेगळ्या बायका वाटतील. गोदूताई गोखले आणि गोदावरी परुळेकर, तेच. आनंदीबाईंचं तर पाळण्यातलं नाव यमुना, लग्नात आनंदी झाली. पुरुषाचं नाव जन्मापासून मरेपर्यंत एक सरळ दोरा असतो, बाईचा दोरा मध्येच तोडून दुसरीकडं बांधतात आणि मग शंभर वर्षांनी आपण म्हणतो बायकांच्या नोंदीच सापडत नाहीत.

बाहेरही हेच आहे. अणुविखंडनाचा अर्थ लावणाऱ्या लीझे माइटनर यांना वगळून १९४४चं नोबेल एकट्या ओटो हान यांना दिलं. पल्सर (ठरावीक लयीत रेडिओलहरी सोडणारा तारा) पहिल्यांदा जोसलिन बेल यांच्या नजरेला पडला १९६७ला, १९७४चं नोबेल त्यांच्या मार्गदर्शकांना. त्यांनी शोध लावला नव्हता का?

आता तुमचं "मुद्दाम दडवलं कशाला म्हणायचं." बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ला "स्त्रीपुरुषतुलना" लिहिली, स्वतःच्या नावानं, सगळे दोष बायकांवर घालता, तुमचं काय, असं पुरुषांना थेट विचारलं. इतकी टीका झाली की जोतीरावांना त्यांची बाजू घेऊन लिहावं लागलं. त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. आणि ते एकमेव पुस्तक विस्मरणात गेलं ते १९७५ला स. गं. मालशे यांनी परत छापेपर्यंत. त्र्याण्णव वर्षं! तीन पिढ्या बायका ते न वाचता जगल्या आणि गेल्या, माझी पणजी, आजी. रखमाबाईंनी १८८५ला बालविवाहाविरुद्ध वर्तमानपत्रात पत्रं लिहिली तर खाली सही "एक हिंदू स्त्री" अशी करावी लागली. अकराव्या वर्षी लावून दिलेलं लग्न मला मान्य नाही एवढंच तिचं म्हणणं, तर १८८७ला कोर्ट म्हणालं नवऱ्याकडं जा नाहीतर सहा महिने तुरुंग. ती म्हणाली तुरुंगात जाते. शेवटी नवऱ्यानं दोन हजार रुपये घेऊन प्रकरण मिटवलं, ही डॉक्टर झाली. १८९१ला संमतीवयाचा कायदा आला त्यामागच्या वादात या खटल्याचा मोठा वाटा आहे.

कष्ट म्हणजे कर्तृत्व नाही म्हणता. मला वाटतं हमालांचंही नाव यायला पाहिजे इतिहासात, त्यात काय वाईट आहे? पण पूर्वभागातल्या ताईंनी जे लिहिलंय ते नुसते कष्ट नाहीयेत, घरी बसलेल्या बाईला कामगार म्हणून मान्य करायला लावणं हे मोठं काम आहे. आणि ते ज्यांनी करून घेतलं त्या आपल्या गल्लीतल्या आहेत.

साधं_मत

कमलाबाईंचं मला खरंच माहिती नव्हतं. मुलींना वाचून दाखवलं, मोठी तर पुढं काय झालं सांगा म्हणून आग्रह करून बसली. तरी आजीच्या विड्यांबद्दल माझं मत अजून पूर्ण बदललं नाही, मुलींनी मागं बघण्यापेक्षा पुढं बघावं असं वाटतं. पण मागून कार्डाचं वाचलं ते मनाला लागलं. माझी आई पण गिरणीत कांड्या भरायला होती काही वर्षं, मी कधी विचारलंच नाही तिला कोणत्या खात्यात होती, किती पगार होता. आता ती नाही.

पूर्वभागातली

दादा, आईबरोबरची दुसरी कोणी असेल अजून, गिरणगावात विचारून बघा. अशा पुष्कळ आहेत, देगाव नाक्याकडं, लक्ष्मी पेठेत. बसून ऐकणारं कोणी असलं की बोलतात.

भैय्या_चौक

एक नाव मी देतो, सोलापूरची सून म्हणून. चीन-जपान युद्धात चीनमध्ये जखमींवर उपचार करायला गेलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या सगळ्यांना माहिती, त्यांचं घर, स्मारक आमच्या शेजारीच आहे. चीनमधून पाहुणे आले की हार, फोटो, बँड. पण कोटणीसांची बायको कोण, तर "एका चिनी नर्सशी लग्न केलं" एवढंच आपण सांगतो. त्यांचं नाव कुओ चिंगलान. त्या त्याच युद्धात, त्याच आघाडीच्या रुग्णालयात काम करत होत्या, लग्नाच्या आधीपासून, नर्सिंग शिकवत होत्या. १९४१ला लग्न, १९४२ला मुलगा झाला, त्याचं नाव यिनहुआ, यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. आणि त्याच डिसेंबरात डॉक्टर गेले, बत्तीस वर्षांचे. मांडीवर काही महिन्यांचं पोर. तो मुलगाही पुढं ऐन चोविशीत गेला. त्यानंतर जवळपास अर्धं शतक ही बाई जगली, २०१२ पर्यंत, कितीदा भारतात आली, दोन देशांचं वाकडं झालं तेव्हाही कोटणीसांची आठवण दोन्हीकडं जिवंत राहिली त्यात तिचा वाटा किती मोठा. आपण मात्र तिला कायम "पत्नी" या एका शब्दात आटपतो. कोटणीसांचं मोठेपण यानं कमी होत नाही.

सांगोला_डाळिंब

मॅडम आमच्या सांगोला तालुक्यातल्या महूदच्या शांताबाई कांबळे. १९२३चा जन्म. दलित घरातली मुलगी, उपास काढत शिकली, १९४२ला सोलापूर जिल्ह्यात शाळेत मास्तरीण झाली, पुढं जत तालुक्यात शिक्षण विस्तार अधिकारी झाली. रिटायर झाल्यावर "माझ्या जल्माची चित्तरकथा" लिहिली, १९८६ला पुस्तक आलं, मराठीत दलित बाईनं लिहिलेल्या पहिल्या आत्मचरित्रांत ते धरतात. त्यावर टीव्हीला "नाजुका" मालिका झाली. २०२३ला गेल्या, शंभरीला टेकल्या होत्या. तुम्ही शिक्षिका आहात म्हणून मुद्दाम सांगलालो, तुमच्याच जिल्ह्यात तुमच्याच पेशातली बाई आहे. वर्गात घुसू न देणाऱ्या गावात मास्तरीण म्हणून जाणं म्हणजे काय ते तिच्याच शब्दांत वाचावं, माझ्यानं सांगणं होणार नाही.

कोर्टाजवळ

वकिली करते. वर सगळ्यांनी नावावर लिहिलंय म्हणून फक्त एवढंच. १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात सरकारी कागदावर आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव असं लिहायचं ठरलंय. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा हक्क महाराष्ट्रानं १९९४ला दिला, केंद्रानं २००५ला. तरी माझ्याकडं आठवड्याला एक तरी बहीण येते जिच्याकडून हक्कसोड लिहून घ्यायचं चाललेलं असतं, चोळीबांगडीवर. आणि बहुतेकींचा पहिला प्रश्न हाच असतो, सातबाऱ्यावर माझं नाव खरंच लागू शकतं का? मुलींना एकदा सातबारा हातात देऊन वाचायला शिकवा. घरातल्या बायकांपैकी कुणाचं नाव त्यावर आहे ते त्यांनाच शोधू द्या.

शाळेतली_मॅडम

सगळ्यांचे मनापासून आभार, मी प्रिंट काढून ठेवलंय हे सगळं. काय ठरवलं ते सांगते.

यंदा कपाटातले तक्ते बाहेर काढणार नाही असं नाही, सावित्रीबाई राहणारच, मधोमध. पण बाजूच्या भिंतीवर सोयराबाई, शांताबाई, गोदूताई, कमलाबाई भागवत-सोहोनी (दोन्ही नावं), कुओ चिंगलान. स्नेहसंमेलनाच्या त्या चुकीबद्दल मी वर्गात सांगितलं, की दोन वर्षं मी तुमच्या ताईंना चुकीचं नाव शिकवलं. एका मुलीनं लगेच वहीत "सोयराबाई" लिहून खाली दोन रेघा मारल्या.

आणि उरलेली अख्खी भिंत मोकळी ठेवलीय. प्रत्येकीनं घरी जाऊन एक चिठ्ठी भरून आणायची आहे, आईची आई आणि वडिलांची आई, दोघींचं लग्नाआधीचं पूर्ण नाव, लग्नानंतरचं नाव, आणि तिनं कोणतं काम केलं. "गृहिणी" लिहायचं असेल तर दिवसभरातली कामं एकेक करून लिहायची असा नियम केलाय. मुलांनाही तेच दिलंय. पूर्वभागातल्या ताई, तुमच्या अव्वांची गोष्ट तुम्ही येऊन सांगाल का, सुपासकट? मुख्याध्यापकांची परवानगी घेतलीय, ८ मार्चला सकाळची शाळा आहे.

बेचाळीस मुलं वर्गात, आज पहिल्या दिवशी एकोणीस चिठ्ठ्या आल्या. त्यातल्या अकरांमध्ये आजीच्या माहेरच्या नावाची जागा कोरी आहे, घरात कुणालाच आठवत नाही म्हणे. ज्या मुलीनं तो पहिला प्रश्न विचारला होता तिची चिठ्ठी पण अर्धीच आहे. खाली पेन्सिलीनं लिहिलंय, "आजीची बहीण विजापूरला असते, तिला माहिती आहे, रविवारी फोन करणार आहे."

पूर्वभागातली

येते मॅडम. सूप, कात्री, पत्र्याचा साचा सगळं जपून आहे. आम्माला पण घेऊन येते, ती वळून दाखवेल.